ताईसाठी एक दिवस

मंडळी, पुढच्या आठवड्यात सांगलीहून माझी थोरली बहीण येतेय. महिनाअखेरीस तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी एक दिवस तिला आमचं वांद्रं बघायचंय. वय वर्षे ऐंशी! तेव्हा वेळापत्रक करणं आलंच, मी पडलो हाडाचा मास्तर.

वार शुक्रवार. सोमवार-गुरुवार तिचे उपास, आणि मासे तर खायचेच आहेत. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना, ती गर्दी नको.

सकाळी आधी मोत माउली. पायऱ्या टाळून रिक्षा थेट वर न्यायची. तिथे मेणाचे हात, पाय, घरंसुद्धा विकत मिळतात. जे दुखतं ते माउलीला वाहायचं. "मला पाय घ्यायचाय हं," ताईने फोनवर बजावलंय. रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारी ही बाई! मी म्हटलं, "दोन घेऊ का?" तर म्हणे, "एकच. डावा बरा आहे."

मग लँड्स एंडचा किल्ला. पोर्तुगीजांनी १६४० साली बांधला. जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत, म्हणून आग्वाद. समोरच २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू. त्यावर रिक्षाला बंदी, तेव्हा लांबूनच दर्शन!

दुपारी वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतकात माशांचं ताट, सोलकढी. नंतर घरी झोप (माझी. ताई झोपत नाही).

संध्याकाळचा रकाना कोराच ठेवलाय. ऑपरेशनची तिला भीती वाटतेय का, हे फोनवर विचारवत नाही. बँडस्टँडच्या कट्ट्यावर निवांत बसल्यावर बघू.