खोळ

नाशकात थंडी उतरली की मायचे गुडघे धरतात. रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेकावं, तर उघडं रबर कातडीला चटके देतं. म्हणून मीच खोळ शिवायला घेतली. वाकळीसारखीच. जुनं सुती कापड, चार पदर, कडेपासून आत आत धावदोरा. पदरांत हवा अडकते, ती ऊब धरून ठेवते. पाणी उकळतं नको. पिशवी काठोकाठ भरायची नाही, हवा दाबून काढायची, मग बूच घट्ट.

माय म्हणाली, "बाप्या मानसाच्या हातात सुई? दे इकडं." दिली नाही. तिनं आख्ख्या घराला पांघरूण शिवलं.

पण दोस्तांनो, चिंधीलाही इतिहास असतो. मनुस्मृतीच्या १० व्या अध्यायात लिहिलंय, चांडाळांनी मेलेल्यांचे कपडे वापरावेत. आपल्या आज्यांच्या वाकळीत असंच कुणाकुणाचं टाकलेलं असायचं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जाळलं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, जात दाखवणारं नेसणं टाका. १९३० साली नाशकात काळारामाच्या सत्याग्रहाला आपल्या बाया उभ्या राहिल्या.

ह्या खोळीचं कापड मायच्या लुगड्याचं, तिच्या मजुरीच्या पैशाचं. फाटलंय, पण कुणापुढं पदर पसरून आणलेलं नाही.

मोर्च्यात समतेच्या घोषणा देतो आपण. मग घरातली सुई अजून मायच्याच हातात का?