घराची उघडीप

थंडीसाठी घर सज्ज करणे म्हणजे ते बंद करणे, अशी माझी समजूत युरोपीय कादंबऱ्यांनी करून दिली : दुहेरी खिडक्या, बुजवलेल्या फटी, रचलेले सरपण. भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणाऱ्या राई गावातील जुन्या घरांत या कृतीचा अर्थ उलटा होतो. तेथे घर मिटते ते पावसाळ्यापूर्वी. दिवाळीच्या सुमारास ते उघडते. पडवीपुढचा झावळ्यांचा आडोसा सुटतो, अंगण चोपून सारवले जाते, दमटलेल्या गोधड्या उन्हात पडतात. येथील थंडी चार दिवसांची पाहुणी. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेले ७.४ अंश सेल्सिअस तापमान हा अपवादच.

ही रीत आता मोडते आहे, पण थंडीमुळे नव्हे. हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही. बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर तिच्यातच अडकून राहतो. ज्या ऋतूत खिडक्या उघडायच्या, त्याच ऋतूत आपण त्या लावून घेतो. ‘उघडीप’ हा शब्द आपण पावसापुरता वापरतो. घरालाही ती हवी असते. ती मिळाली नाही, तर आत बारा महिने पावसाळाच राहील.