कामाच्या हाताची अंगठी

नवऱ्या मुलाची अंगठी घडवायची म्हटली की मी आधी त्याचा हात बघतो, डिझाइन नंतर. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत येणारी बरीच पोरं शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत लेथवर नाहीतर फाउंड्रीत उभी असतात आणि संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात उतरतात. त्यांची पेरं जाड असतात, तळव्याला घट्टे असतात. साखरपुड्यासाठी मुलीकडच्यांनी पसंत केलेली अंगठी मात्र बहुतेक वेळा रुंद, पोकळ आणि खड्याची. समारंभात ती शोभते, पण कामाच्या हातात तिचे हाल होतात. पोकळ पत्रा दबतो, खडा धरणाऱ्या नख्या कापडात अडकून उचकटतात आणि एक दिवस खडाच गायब होतो.

अशा हाताला साधं, भरीव, बिनखड्याचं वळं द्यावं. चार मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड असलं की पुरे. बजेट कमी असेल तर रुंदी कमी करा, जाडीला हात लावू नका. झीज सोसायला जाडीच लागते.

दुसरा प्रश्न कॅरटचा. घरातली वडील माणसं म्हणतात, सोनं बावीसचंच हवं. मंगळसूत्राला, पाटल्यांना ते ठीक आहे, पण रोज लोखंडाशी झटणाऱ्या बोटात बावीस कॅरट नरम पडतं. शंभर नंबरी सोन्याची वेढणी घरात पुंजी म्हणून ठेवायला उत्तम, पण रोजच्या कामात तिचा आकार राहत नाही. अठरा कॅरटमध्ये पंचवीस टक्के तांबं-चांदीसारखी भर असते, चौदामध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त. त्या भरीमुळंच कणखरपणा येतो.

पैशाचा हिशेबही इथंच बसतो. आतून वीस मिलिमीटर व्यासाचं वर सांगितलेलं वळं बावीस कॅरटमध्ये सव्वासात ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यात साडेसहा ग्रॅम शुद्ध सोनं जातं. तेच चौदा कॅरटमध्ये सव्वापाच ग्रॅम भरतं आणि शुद्ध सोनं लागतं तीन ग्रॅमच्या थोडं वर. दहा ग्रॅमचा भाव लाखापुढे गेल्यावर हा फरक मुलीच्या बापाला फार मोठा असतो. चौदा कॅरट म्हणजे फसवणूक नव्हे. त्याचाही हॉलमार्क होतो, त्यावर 585 हा आकडा येतो. अठराला 750, बावीसला 916. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लागतो. तो बघून घ्या आणि बिलावर कॅरट लिहून घ्या, कारण मोडताना भाव त्यावरच ठरतो.

पुढचं काम ऐरणीवरचं. पट्टी गोल वळवून टोकं भिडवली की मी ती दिव्यासमोर धरतो. सांध्यातून उजेड दिसता कामा नये. दिसला तरी टाका, म्हणजे जोड देणारा धातू, फट भरून काढतो, पण पुढे अंगठी तिथंच उकलते. सवागी (टाकणखार) लावून टाक्याचा बारीक तुकडा ठेवायचा आणि सगळं वळं सारखं तापवायचं. टाका वितळला की चमकत सांध्यातून धावतो. त्याच क्षणी आच काढायची. तापल्यानं सोनं मऊ झालेलं असतं, म्हणून वळं निमुळत्या सळईवर चढवून गुळगुळीत हातोडीनं चहूबाजूंनी मठारतो. ठोक्यागणिक धातू पुन्हा कडक होत जातो. बिलात हे दिसत नाही, पण मजुरीत घासाघीस केली की पहिला घाव या कामावरच पडतो.

माप संध्याकाळी, काम उरकल्यावर घ्यावं. सकाळी गार हवेत बोट बारीक असतं. अंगठी पेरावरून थोडा जोर लावून उतरेल इतकीच घट्ट ठेवायची आणि आतल्या कडा गोल करायच्या, म्हणजे घामात काचत नाही.

"काका, मशीनवर चालती का ही?" असं पोरं विचारतात.

"मशीनवर कुठलीच अंगठी चालत नाही बाळा. काढूनच ठेवायला लागती."

इथं मी जराही मागे हटत नाही. फिरत्या यंत्रात अंगठी अडकली तर बोटाची कातडी, कधी बोटच ओरबाडून निघतं. कबड्डीच्या नियमांतही दागिने घालून खेळायला मनाई आहे. गळ्यातल्या साखळीत ओवणंही लेथपाशी तितकंच घातक. लॉकरमध्ये छोटी डबी ठेवावी.

हल्ली टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्या स्वस्त मिळतात. त्यांच्यावर सहसा ओरखडा उठत नाही, हे खरं. पण त्या लहानमोठ्या करता येत नाहीत आणि दगडावर जोरात आपटल्या तर तडकतात. बोट सुजलं तर दवाखान्यातल्या साध्या कटरनं कापता येत नाहीत, पकडीनं दाबून फोडाव्या लागतात. सोन्याचं वळं मिनिटभरात कापता येतं आणि मी ते पुन्हा जोडून देतो. बोट जाड झालं तर तुकडा घालून वाढवतो, ओरखडे घासून काढतो, अगदीच झिजलं तर मुशीत घालून नवं घडवतो. माझ्या लेखी टिकाऊपणा याचंच नाव. पोरावर वजनाचा बोजा टाकू नका. तीस वर्षं दुरुस्त करता येईल अशी वस्तू त्याच्या बोटात घाला.