सतरापैकी शून्य

ताईच्या रिपोर्टातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही: 0/17. काखेतल्या सतरा गाठी काढल्या, एकीतही कॅन्सर सापडला नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

ऑपरेशन 2015 सालचं, कोकणातल्या आमच्या जिल्ह्याच्या गावी. स्तनातली गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान. काखेत हाताला काही लागत नव्हतं, सोनोग्राफीतही काही नव्हतं. पुढे केमो, रेडिएशन, केस गेले, परत आले. ते सगळं निभावलं. वर्षभराने उजवा हात सुजायला लागला तो मात्र उतरलाच नाही. हिरव्या बांगड्या चढेनात. शिंपी ब्लाउजची उजवी बाही सैल शिवू लागला. भाकरी थापली की संध्याकाळी हात ठणकायचा. एकदा विळीवर बोट जरासं कापलं, तर दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात लालभडक, अंगात ताप, आणि सलाईनसाठी ॲडमिट. सगळ्या गाठी काढलेल्या साधारण पाचातल्या एका बाईच्या वाट्याला हे येतं, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते माझ्यावर तीच वेळ आली तेव्हा. 2022 साली, पुण्यात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. स्तनातला लसीकारस काखेतल्या ज्या दोन-तीन गाठींत आधी उतरतो, त्यांना सेंटिनेल म्हणतात. पाटाचं पाणी पहिला वाफा सोडून पुढे जात नाही, तसं. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. सकाळी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सर्गी टेक्नेशियमचं इंजेक्शन दिलं, चांगलंच झोंबलं. ऑपरेशन टेबलावर निळा रंग टोचला. निळी दिसणारी आणि प्रोब जवळ नेल्यावर वाजणारी गाठ काढायची, लगेच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, पाठवायची. माझ्या तीन निघाल्या, तिन्ही स्वच्छ. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट झाली, पण सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं.

नंतर मी विचारलं, हे शोधलं कधी? अमेरिकेत जुलियानोंनी निळ्या रंगाची पद्धत 1994 साली मांडली. मिलानच्या व्हेरोनेसींनी 2003 साली दाखवलं की सेंटिनेल स्वच्छ असेल तर बाकी काख सोडून देता येते. म्हणजे ताईच्या ऑपरेशनच्या बारा वर्षं आधी! मी स्वतःची समजूत घालत होते की आमच्या गावी प्रोब कुठून येणार, आणि टेक्नेशियम तर सहा तासांत निम्मं होतं. पण मेथिलीन ब्लू काही महाग नाही. नुसता निळा रंग वापरला तर गाठ सापडण्याची खात्री थोडी कमी, पण आपल्याकडे कितीतरी सर्जन तोच वापरतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातल्या सर्जननी तर काखेच्या फक्त खालच्या भागातल्या गाठी काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली, तिला ना रंग लागतो ना यंत्र. आणि मुंबई आमच्यापासून एका रात्रीच्या एसटीवर. "असंही करता येतं, इथे होत नाही," एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येक बाईने विचारावं: सेंटिनेल करणार का? नसाल तर का नाही? विचारायला लाजू नये.

ताईला माझा राग पटत नाही. "त्यांनी जीव वाचवला माझा. तू कशाला चिडतेस?" दर मे महिन्यात तिच्याकडून त्या डॉक्टरांना हापूसची पेटी जाते. जीव वाचवला हे खरंच आहे.

आणि माझ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतःच म्हणाले होते, "डॉक्टर, सगळ्याच काढून टाका." गाठींत कॅन्सर असलेल्या शंभर जणींपैकी पाच ते दहा जणींत सेंटिनेलची तपासणी चुकून स्वच्छ येते, हे ऐकल्यापासून माझे हातपाय गार पडले होते. ताईचा हात मी रोज पाहिलेला, तरीही. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. ताईजवळ कुणी असं बसलं असतं आणि त्यानंतरही ती "सगळ्याच काढा" म्हणाली असती, तर मी एक शब्द बोलले नसते.