चेकिंग

अण्णा एसटीत कंडक्टर होते. ३४ वर्षं. रिटायर होऊन १८ वर्षं झाली, तरी पहाटे साडेचारला जाग येतेच. उठले की आधी नळाकडे बघतात. आमच्या गावात पाणी पाच दिवसांआड येतं आणि किती वाजता येईल त्याचा भरवसा नाही, त्यामुळे घरात कुणीतरी जागं लागतं. ते काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय. मग चहा. मग पेपर. पेपरात आधी माझं पान. बातमी वाचून झाली की चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "हे कुणी सांगितलं रे तुला?"

मी तालुक्याचा बातमीदार आहे. डिप्लोमा करताना पहिल्याच आठवड्यात सरांनी हाच प्रश्न शिकवला होता. पन्नाशी दारात आली, तरी तो घरात रोज ऐकावा लागतो, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय. काय चुकलं ते सांगायलाच हे लिहितोय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात अण्णा पडले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरचा ढापा फुटलेला होता, खांबावरचा दिवा बंद. संध्याकाळी देवळातून येताना पाय आत गेला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्या ढाप्यावरून मी दिवसातून चार वेळा गाडी चुकवून नेत होतो. एक-दोन दिवस नाही, दीड वर्ष. इतकी सवय झाली होती की तो फुटलेला आहे हेच मला दिसायचं बंद झालं होतं.

प्लास्टर घालून आणलं त्या रात्री अण्णांनी गादीखालची प्लास्टिकची पिशवी काढायला लावली. आत तीन अर्ज. कंडक्टरचं ते बारीक, सुबक अक्षर. तिन्हींवर नगरपरिषदेच्या आवक विभागाचा शिक्का, तारखेसकट. पहिला अर्ज ढाप्याचा, दुसरा दिव्याचा, तिसरा पहिल्या दोन अर्जांचं काय झालं ते विचारणारा.

म्हटलं, "अण्णा, मला का नाही सांगितलं?"

"तुला काय सांगायचं? तुमच्या पेपराला त्यांच्या जाहिराती असतात. म्हटलं, तुझी अडचण नको."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तालुक्याच्या बातमीदाराला पगार असतो असा अनेकांचा समज आहे. मला नाही. जाहिरातीवर कमिशन मिळतं, त्यावर घर चालतं, आणि नगरपरिषदेच्या निविदा ही त्यातली खात्रीची जाहिरात. पण खोटं कशाला बोलू, "हे छापू नका" असं मला तिथून कधीच कुणी म्हणालं नाही. त्यांच्यावर तशी वेळच आली नाही. मीच लिहिलं नाही.

मग या वर्षांत मी लिहिलं काय? राजकारण. भरपूर. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी जुलैत राष्ट्रवादी फुटली. धनुष्यबाण कुणाचा, घड्याळ कुणाचं, कोण खरा आणि कोण गद्दार, यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही किती कप चहा प्यालो त्याचा हिशेब नाही. ग्रुपवर भांडणं झाली, दोन सख्खे मित्र अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आणि बरोबर त्याच काळात आमच्या गावात एकही नगरसेवक नव्हता. ही बातमी मात्र मी एकदा चार ओळींत दिली आणि विसरलो.

तरुण पोरांसाठी जरा मागचं सांगतो. आमच्याकडे २०१६ च्या शेवटी मतदान झालं होतं, नोटाबंदीच्या रांगा चालू असतानाच. पाच वर्षांनी मुदत संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यावी, असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तिच्यातलंच हे कलम. पण ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, महत्त्वाचा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो सुटेपर्यंत राज्यातली शहरं प्रशासकांच्या हाती राहिली. आमच्याकडे मुख्याधिकारीच प्रशासक. म्हणजे विषय मांडणारे तेच, त्याला मंजुरी देणारे तेच, बिल काढणारेही तेच. सभा भरायची, पण प्रश्न विचारायला समोर कुणीच नाही. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या, तेव्हा कुठे २ डिसेंबरला मतदान झालं. तोपर्यंत पाचवीतली पोरं नववीत गेली होती.

अण्णांना हे सगळं समजावून सांगत होतो. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे चेकिंग बंद होतं."

मग त्यांनी त्यांच्या नोकरीतली गोष्ट सांगितली. त्यांच्या डेपोचा एक आडवळणाचा रूट होता. रस्ता इतका खराब की तिकडे चेकिंगची जीप फिरकायची नाही. त्या रूटवर चांगले चांगले कंडक्टर बिघडले. "सुरुवातीला कुणी चोर नव्हतं रे," अण्णा म्हणाले. "एखादं म्हातारं माणूस तिकीट नको म्हणायचं, निम्मे पैसे हातावर ठेवायचं. एक दिवस घेतले. काही झालं नाही. मग रोजचंच झालं. चेकर आला की आम्ही शिव्या द्यायचो, पण तो येतो म्हणून आमचं वेबिल सरळ राहायचं."

मी म्हटलं, "म्हणजे नगरसेवक हाच चेकर."

"नगरसेवक एक झाला," ते म्हणाले. "दुसरा तू होतास."

पुढे निवडणूक लागली. पेपरच्या ऑफिसातून टार्गेट आलं. ज्यांना या धंद्यातलं माहीत आहे त्यांना पॅकेज म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : उमेदवार पैसे देतो, त्याची प्रचारफेरी 'प्रचंड प्रतिसादात' निघते, वॉर्ड 'पिंजून काढला' जातो आणि हे सगळं बातमीच्या टाइपात छापून येतं. मी हे या वेळीही केलं. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. हे कारण आहे, सफाई नाही.

सकाळी अण्णांनी पान उघडलं. एकाच पानावर एकाच वॉर्डातल्या दोघांचा विजय निश्चित झालेला होता. चष्मा वर गेला. पण त्या दिवशी त्यांनी "हे कुणी सांगितलं" असं विचारलं नाही. पेपराची घडी केली आणि नळ बघायला गेले. न विचारलेला तो प्रश्न मला अजून टोचतोय.

मतदानाच्या आठ दिवस आधी ढापा बसला. कुणी बसवला ते विचारू नका, तीन उमेदवारांनी आपणच बसवला असं सांगितलं. २ डिसेंबरला अण्णा सकाळी साडेसातलाच रांगेत. तीन मतं द्यायची होती, एक नगराध्यक्षाला आणि दोन वॉर्डातल्या दोन जागांना. बाहेर येऊन शाईचं बोट आईला दाखवलं आणि म्हणाले, "चेकर नेमला." मतमोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, ती कोर्टाच्या आदेशानं २१ डिसेंबरवर गेली. अण्णा म्हणाले, "चार वर्षं थांबलो, अजून अठरा-एकोणीस दिवसांनी काय होतंय."

आमच्या वॉर्डातून निवडून आल्या त्यांपैकी एक बाई आहेत. शिकलेल्या आहेत, बोलतात चांगलं. पण फोन लावला की यजमान उचलतात. जानेवारीत अण्णांनी दिव्यासाठी फोन केला. यजमान म्हणाले, "बोला काका, मीच बघतो सगळं." अण्णा म्हणाले, "तुम्ही बघा हो, पण मत मी बाईंना दिलंय. त्यांना द्या फोन." पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाई आल्या. त्यांनी पत्ता लिहून घेतला, खांबाचा नंबर विचारला. अण्णांनी तो आधीच लिहून ठेवला होता. चौथ्या दिवशी दिवा लागला.

यावरून लोकशाही सुधारली असं मी म्हणणार नाही. एक दिवा लागला. पाणी अजून पाच दिवसांआडच आहे. फरक एवढाच, की आता तक्रार घेऊन कुणाकडे जायचं ते कळतं आणि त्या माणसाला पाच वर्षांनी परत आपल्या दारात यायचं आहे.

गेल्या सर्वसाधारण सभेला मी जाऊन बसलो. खूप दिवसांनी पूर्ण वेळ. आधी मी काय करायचो, तर संध्याकाळी प्रेसनोट यायची, ती वरखाली करून पाठवून द्यायचो. या वेळी वही घेऊन बसलो. विषयपत्रिकेवर काय होतं, कोण बोललं, कोण गप्प बसलं, कशाला किती मंजूर झालं, सगळं उतरवून घेतलं. पेपरात जागा मिळाली तेवढं छापून आलं. राहिलेलं इथे टाकत जाईन, दर सभेनंतर. ज्यांच्या मनाला लागेल त्यांनी फोन करावा, नंबर आहेच तुमच्याकडे.

जाहिरात जाईल का? जाऊ शकते. घरात बोलणं झालंय. बायको म्हणाली, "आधी बघू किती जाते ते." अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी माझ्या टेबलावर त्यांचा जुना लाकडी पॅड ठेवलेला होता, वेबिल लिहायला वापरायचे तो. क्लिप गंजलेली आहे, पण कागद घट्ट धरते.

तुमच्या गल्लीतलाही एखादा ढापा फुटलेला असेल. गाडी चुकवून जायच्या आधी एकदा थांबून बघा. अर्ज द्या, शिक्का घ्या, नक्कल जपून ठेवा. आणि आमच्यासारख्या बातमीदारांना विचारत राहा, "हे कुणी सांगितलं रे तुला?" राग येईल आम्हाला. येऊ द्या.