फुफाट्यातला रोडगा

रोडगा हे वऱ्हाडातले पंगतीचे अन्न. त्याची खरी जागा नदीकाठ, नाहीतर देवळाचे आवार. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडच्या बाजूला नवस फेडायचा म्हटला की मोकळ्यावर गोवऱ्या रचल्या जातात आणि शेजारच्या चुलीवर वांग्याची भाजी चढते. चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्यही वांग्याच्या भरताचा आणि रोडग्याचाच. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला. रोडगे भाजायची रीत मात्र वाटली गेली नाही.

कणीक, मोहन, ओवा यांबद्दल बोलण्यासारखे काही नाही. पदरही सरावाने सुटतात. अडते ते गाठीपाशी. तेल लावलेल्या लाट्या एकावर एक ठेवून कडा वर ओढल्या, की त्या मिळतात तिथे कणीक दाटते. साल करपली तरी ही गाठ कच्ची राहते. जाळ असताना रोडगा टाकणाऱ्याच्या नशिबी हेच. धूर सरून गोवरीवर पांढरी राख धरली की आर पसरावा, रोडगे मांडावेत, वरून फुफाटा ओढावा. राख आच अडवते आणि सावकाश आत सोडते. काठावरचा वारा मात्र रास एकाच अंगाने पेटती ठेवतो, म्हणून त्या बाजूचे रोडगे आधी फिरवायचे. गाठ अगोदर खाली ठेवावी की वर, यावर भाजणारे आजही भांडतात. पातळ आरावर खाली, हे जास्त पटते. अंगठ्याने दाबताच रोडगा उलला तर झाला. कणीक बोटाला चिकटली तर पुन्हा फुफाट्यात.

रस्त्याकडेच्या हॉटेलांत आता ओव्हनमधला रोडगा थाळीत येतो. तो शिजलेला असतो, एवढेच. कित्येक ठिकाणी तळूनही देतात. तळायचेच तर मग खानदेशी बट्टी उघडपणे बट्टी म्हणून वाढावी, ती काही कमी नाही. पण दोष एकट्या हॉटेलवाल्यांचा नाही. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले, गोवऱ्या विकत घ्याव्या लागतात.

चिमटा न घेता राखेतून रोडगा उचलणे हा जुन्या भाजणाऱ्यांचा दिमाख. त्यात कसब थोडे आणि पंगतीने बघावे ही हौस जास्त. वय झाल्यावर बोटांची कातडी राठ होते, चटका उशिरा कळतो आणि आरही कळेनासा होतो. नवी पोरे चिमटा वापरतात, ते बरोबरच आहे, जरी बघवत नाही.

काढलेला रोडगा फडक्यात घोळून राख झटकावी, फोडून तुपात बुडवावा, वर वरण. उरलेले दुसऱ्या दिवशी गूळ-तुपात चुरून खातात.