साखरेची वही

४ मार्च
सव्विसावा आठवडा. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझी १६२. या तपासणीला उपाशीपोटी यावं लागत नाही, त्यामुळे लांबच्या वाडीवरून एसटीने आलेल्या बाईचीही त्याच फेरीत होऊन जाते. ही सोय फार मोलाची आहे.

७ मार्च
ग्लुकोमीटर आणला. नर्सताईंनी शेजारी बसवून शिकवलं. साबणाने हात धुवून पुरते कोरडे करायचे. फळ चिरलेल्या हाताने टोचलं तर आकडा उगाच फुगतो. बोटाच्या कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं. बोट फार पिळायचं नाही. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. आणि हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे.

१० मार्च
आज आपल्याकडे गरोदरपणातील मधुमेहाचा जागृती दिन. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांचा हा जन्मदिवस. उपाशी न राहता करायच्या त्या तपासणीमागे त्यांचंच काम आहे.
काल पोह्यांनंतर १४८, आज मुगाच्या धिरड्यांनंतर ११२.

१४ मार्च
उपाशीपोटी १०३. सासूबाई म्हणाल्या, "रात्री भात खाल्ला असशील." भाताला हातही लावला नव्हता. डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं, की वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा असर कमी होतो, आणि रात्री यकृत साखर सोडतच असतं. म्हणजे सकाळचा आकडा सगळाच ताटावर ठरत नाही. प्रत्येक आकड्यासाठी गरोदर बाईला जाब विचारणं थांबलं पाहिजे. ती आधीच घाबरलेली असते.

२० मार्च
पथ्य झालं, जेवणानंतरचं चालणं झालं, तरी सकाळची साखर शंभराच्या खाली येईना. रात्रीचं इन्सुलिन सुरू. फोनवर आई रडवेली झाली, "एकदा सुई लागली की सुटत नाही गं." तिला समजावलं: इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, साखर जाते. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, अंगाने वाजवीपेक्षा वाढतं, आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते. माझी सुई बहुधा बाळंतपणानंतर थांबेल. एवढं ऐकून तिने विचारलं, "दुखतं का फार?"

३० मार्च
गुढीपाडवा. दोन चमचे श्रीखंड, एक पुरी. १३४. लिहून ठेवलं. ओळखीतली एकजण वहीत फक्त चांगले आकडे लिहायची. डोस या वहीवरून ठरतो. वाईट आकडा लपवला तर औषध कमी पडतं आणि ते बाळाला भोवतं.

२ मे
आकडे आवाक्यात. डॉक्टरांनी आजच बजावलं, की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी करायची, कारण हा मधुमेह गेला तरी पुढे कायमचा जडण्याचा धोका राहतो. बारसं, पाहुणे, रात्रीची जागरणं यांत ती तपासणी राहून जाते. घरात कुणाला हे निदान झालं असेल, तर ती तारीख घरच्यांनीच लिहून ठेवा आणि बाळाला सांभाळून तिला दवाखान्यात पाठवा.